मोकळ्या हवेची वाट

"लेकराला असं उघडं मिरवू नगा, बाई. गालाला काजळाचा ठिपका तरी लावा," असं घरकामाच्या कडूबाईने तेव्हाच सांगितलं होतं.

मनकर्णा हसली होती. ती हैदराबादेत बी.ए. झालेली, नवऱ्याच्या बदलीने परभणीत आलेली. बाळाला पावडर लावून तिने त्याला बाजारभर हिंडवलं. पुढे दिवाळी झाली आणि बाळाला ताप भरला, तो हटेचना. डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. बाळ दूध ओढीना, नुसतं कण्हत राही.

आणि अशात मनकर्णाने रोज फिरायला जायला सुरुवात केली.

"लेकरू असं फणफणलंय, आन् तुमी हवा खायला निघालाव?" बाळाला मांडीवर घेऊन कडूबाईने विचारलं.

"त्याला मोकळी हवा हवी. आधी वाट चांगली शोधते."

स्टेशनकडची वाट तिला बघवली नाही. घोड्यांची लीद, टांगेवाल्यांच्या पिचकाऱ्या, वरून इंजिनाचा धूर. कापसाच्या जिनिंगमागची वाट त्याहून ओंगळ. सरकीचा कुबट वास, नाल्यात फुगलेलं कुत्रं, आणि काठाकाठाने उकिडवी बसलेली माणसं. तिला पाहून ती उभी राहिली. ती पुढे जाताच पुन्हा बसली. मनकर्णा झपझप माघारी फिरली. या गावाला नाक आहे की नाही?

जिंतूर रस्त्याला फुटलेली वाट मात्र स्वच्छ होती. बाभळी, वारा, घाणीचं नाव नाही. तिथे ती बराच वेळ थांबली. मग तीही वाट तिने नापसंत केली.

"आता हिच्यात काय खोड काढली?" कडूबाई म्हणाली.

"चिटपाखरू नव्हतं तिथं. माणसांची वर्दळ नको का?"

"घाण बी नगं, एकांत बी नगं! तुमची वाट आता सरकारच बांधून देईल, बाई."

त्या दिवशी मनकर्णा सकाळीच निघाली. हातातली कापडी पिशवी तिने दुधाचं भांडं असल्यासारखी सांभाळून धरली होती. गावाबाहेर चिंचांच्या रांगेखालून एक पाऊलवाट जात होती. शेजारच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. लेंड्यांचा आणि ओल्या लोकरीचा उग्र दर्प येत होता. तिने पदर नाकाला लावला.

मागून धनगराची बाई आली. डोक्यावर घागर, कडेवर पोर. पोराच्या डोळ्यांवर माश्या. बाईने पदराने त्याचं नाक पुसलं आणि त्याच पदराने तोंडही पुसलं. शी! तरी पोर कसं टुणटुणीत होतं. त्याने हात पुढे करून मनकर्णाचं बोट घट्ट पकडलं. तिने ते सोडवून घेतलं आणि लुगड्याला पुन्हा पुन्हा पुसलं.

"वळख न्हाई, पाळख न्हाई, तरी धरतंय बघा," बाई हसली. तिचं नाव बानूबाई. "तुमचं लेकरू कुठं ठिवलं?"

"घरी. जरा ताप आहे."

"अगं माय! मग घिऊन या की उद्या. शेळीचं दूध देते. आमचा येडबा त्याच्यावरच असा दांडगा झालाय."

मनकर्णा पोराकडे बघत राहिली. "रोज याच वाटेनं जातेस?"

"रोज. हिरीवर जायाचं, पाणी घिऊन माघारी यायाचं. दुसरी वाटच न्हाई."

"याला घेऊनच?"

"मग कुणापाशी ठिवू? मेंढरापाशी?" बानूबाई खळखळून हसली आणि येडबाला सावरत पुढे विहिरीकडे निघून गेली.

वाट मनासारखी होती. मनकर्णाने इकडेतिकडे पाहिलं आणि खाली बसून पिशवी उघडली. पहाटे बाळावरून उतरवलेला दहीभात, वर हळदकुंकू, टाचण्या टोचलेलं लिंबू आणि बाळाचं घामेजलेलं झबलं तिने पाऊलवाटेच्या मधोमध मांडलं. मग ती घराकडे चालू लागली. थोड्या वेळाने मागून बानूबाईचा आवाज आला. ती येडबाशी लाडेलाडे बोलत येत होती. उतारा ठेवून मागे वळून बघायचं नसतं. मनकर्णाने बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी बाळाचा ताप उतरला. तुमच्यापैकी कुणी परभणीला असाल, तर एकदा चिंचांखालच्या त्या वाटेनं जाऊन या. येडबा कसा आहे, तेवढं बघा.