पुलापर्यंतची वाट

ऑक्टोबरच्या सव्वीस तारखेस, सकाळी सहाला दहा मिनिटे कमी असताना, पागेच्या उत्तरेकडील फाटकापाशी तिघे जण उभे होते: पागेची मालकीण, परगावाहून बोलावलेली पशुवैद्य आणि एक म्हातारा चाबुकस्वार. घोडे माणसाळवण्यात त्याची हयात गेली होती. चौथी ती घोडी. परीक्षा तिचीच होती. रानवाटेने लाकडी पूल ओलांडून ती निमूट परतली, तर पागेत राहणार होती. बुजली, तर दुपारच्या आत तिला सुई देऊन कायमची झोपवायची, असे ठरले होते.

"मास्तर, अजून विचार करा," मालकीण म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तरी कुणी बोल लावणार नाही. उलट, हक्क आहे तुमचा."

"हक्क बजावायला आलेलो नाही मी," चाबुकस्वार म्हणाला, आणि त्याने खोगिराचा पट्टा एक भोक आवळला.

त्याच पुलावर मार्च महिन्यात या घोडीने त्याच्या मुलीला फेकले होते. मुलगी पागेतच शिकवायची. कठड्यावर डोके आपटले. दवाखाना गाठण्यापूर्वीच सारे संपले. घोडीला भित्री म्हणत ते मात्र त्याच्याही आधीपासून. भर दुपारी अंगणात ती शहाण्यासारखी वागे, आणि पहाटे रानात शिरली की पावलागणिक अडे. पागेचा रिवाज असा, की वाटेवर माणसे नसतात म्हणून सगळे घोडे उजाडण्याआधीच फिरवायचे.

मुलीने तिला पहिल्या दिवसापासून आपली मानले होते. मुलगी अखंड बोलणारी. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार खरारा करता करता म्हणे, "एकीचं तोंड थांबत नाही, दुसरीचे पाय ठरत नाहीत. बरी जोडी जमली."

चाबुकस्वाराला हे खपत नसे. त्याचा एकच नियम होता: रिकिबीत पाय, की तोंडाला कुलूप. घोड्याशी बोलायचे ते मांड्यांनी आणि लगामाने. जिभेने बोलणारा स्वार हाताने आळशी होतो. चाळीस वर्षांत हा नियम कधी खोटा पडला नव्हता, आणि खरा ठरलेला नियम स्वतःच्या मुलीपुरता वाकवणे हा इतर शिष्यांवर अन्याय, असे त्याचे म्हणणे.

"बाबा, मी बोलले की ती ऐकते हो," मुलगी एकदा म्हणाली होती.

"घोडी आहे ती, तुझी मैत्रीण नव्हे."

मार्चमधल्या त्या पहाटे तो मुद्दाम तिच्या मागून गेला होता. तिची पाठ ताठ होती, हात स्थिर होते, तोंड मिटलेले होते. पुलाच्या अलीकडे क्षणभर त्याला तिचा अभिमान वाटला होता. तो तिला सांगायचा राहिला.

घोडी वाईट ठरली तर मुलीची पारख वाईट ठरत होती. तेवढे तरी होऊ नये, म्हणून त्याने मालकिणीकडून मुदत मागून घेतली. मग रोज तीच वेळ, तीच वाट, तेच खोगीर. पहिले पंधरा दिवस घोडीने त्याला घामाघूम केले. सोळाव्या दिवशी रानात, आसपास चिटपाखरू नसताना, त्याच्या तोंडून आपसूक शब्द निघाले. ते मुलीसाठी होते. "उतार आला बघ. हाच तो दगड, लहानपणी दात पाडून घेतलास तो. आता वळण. पूल आलाय, पोरी." त्या दिवसापासून फाटक सुटले की तो बोलू लागे आणि परत फाटक दिसेपर्यंत बोलत राही. नियम मोडल्याची लाज वाटे. पण ऐकायला होते कोण? घोडी दिवसेंदिवस निवत गेली. सप्टेंबरात ती सैल लगामाने पूल ओलांडू लागली. श्रेय त्याने रोजच्या नेमाला दिले.

आज दोघी मागून चालत येत होत्या. परक्यांदेखत मेलेल्या मुलीशी बोलणे बरे दिसले नसते. शिवाय नियम होताच. त्याने ओठ मिटून घेतले. धुके दाट होते. घोडी पुन्हा पुन्हा कान मागे वळवत होती. मागच्या पावलांचा कानोसा घेत असेल, असे त्याला वाटले.

पुलाशी ती थांबली. तिचे अंग थरथरू लागले. त्याने टाच दिली. ती मागच्या पायांवर उभी राहिली, आणि पुढच्या क्षणी तो फळ्यांवर पालथा पडलेला होता.

"पुरे झालं," मालकीण म्हणाली. "मास्तर, लागलं का फार?"

पशुवैद्य घोडीकडे गेली. तिने लगाम धरला, रिकामा हात घोडीच्या डोळ्यांसमोर आणून हळूच हलवला. पापणी लवली नाही. दुसऱ्या बाजूनेही तिने तसेच करून पाहिले.

"तुम्ही रोज तिच्याशी बोलता का?"

चाबुकस्वाराने मान दुसरीकडे वळवली.

"आता बोला."

"काय बोलू?"

"रोज बोलता तेच."

"पूल आलाय, पोरी," तो पडल्या पडल्या म्हणाला.

घोडीचे कान पुढे आले. थरथर थांबली. तिने एक पाऊल फळीवर ठेवले, मग दुसरे, आणि त्याच्या आवाजाच्या रोखाने येऊन त्याच्या खांद्याशी मान खाली घातली.

"हिला सुई कसली देताय?" पशुवैद्य मालकिणीला म्हणाली. "ही भित्री नाही. रातांधळी आहे, जन्मापासून. उजेड कमी झाला की हिला काही दिसत नाही. आवाजाच्या आधाराने चालते बिचारी. ठेवा हिला."

मालकिणीने चाबुकस्वाराकडे पाहिले आणि नजर वळवली. मुलीची हकीकत पशुवैद्याला कुणी सांगितलेली नव्हती. तिने त्याला उठायला हात दिला आणि ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "बोलणारा माणूस पाठीवर असला, तर ही कुठेही जाईल. गप्प बसणाऱ्याला मात्र पाडणारच."