गोमाजीची ओळखपरेड

"हे काय?" डॉ. दीपमाला रामटेके यांनी पेन उभा धरला.

गोमाजी पेनाकडे बघत राहिला. डोक्याला पट्टी, पट्टीखाली पस्तीस टाके आणि टाक्यांखाली त्याचंच हाड. दोन दिवसांपूर्वीपर्यंत ते त्याच्या पोटात होतं.

यात तसं अवघड काही नव्हतं, पण आसगावला ते पटायला तीन महिने लागले. धानाच्या पुंजण्यावरून, म्हणजे कापून रचलेल्या गंजीवरून, गोमाजी डोक्यावर पडला. मेंदूला सूज आली. सुजेला जागा हवी म्हणून डॉक्टरांनी कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला आणि शाबूत राहावा म्हणून पोटाच्या कातडीखाली ठेवून दिला. गावातून लोक जीप करून भंडाऱ्याच्या दवाखान्यात आले, ते गोमाजीला कमी आणि पोटाला जास्त भेटले. त्यांतल्या वासुदेवरावांनी तर दाबून पाहिलं आणि "आहे, आहे" अशी ग्वाही दिली.

गोमाजी वाचला, पण तेव्हापासून एक शब्द बोलला नव्हता. हाड परत बसवल्यावर कधीकधी वाचा येते, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. माणसं ओळखेल की नाही, हे त्यांनाही सांगता येईना. घरी नेऊ तो आपलाच गोमाजी असेल ना, एवढा एकच प्रश्न घेऊन बायजाबाई नवऱ्याच्या उशाशी बसली होती.

सोबतीला गोमाजीचा धाकटा भाऊ परसराम. डबा तोच आणी, कपडे तोच धुई. गोमाजीचे डोळे उघडले की मात्र पलंगामागे जाऊन उभा राही. नर्सला वाटे, मोठ्या भावाचा केवढा हा मान!

"पेन," गोमाजी म्हणाला.

बायजाबाईनं पदर तोंडात कोंबला.

"गाव कोणतं?"

"आसगाव."

"आणि ही कोण?"

"बायको होय माही. दुसरी कोण राहीन?"

डॉक्टर हसल्या. त्यांनी परसरामला दंड धरून पलंगामागून पुढं ओढलं. "आणि हे?"

गोमाजीनं परसरामला वरून खालपर्यंत न्याहाळलं. चांगला वेळ घेऊन न्याहाळलं.

"ह्याले मी नाही ओळखत."

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी कागदावर 'स्मृतिदोष' लिहिलं आणि हलक्या आवाजात परसरामला धीर द्यायला सुरुवात केली. परसराम ऐकायला जागेवर होताच कुठं? तो वॉर्डात नाचत होता.

"आला! माहा भाऊ जसाच्या तसा वापस आला! मॅडम, अकरा वर्सं झाली, शंकरपटाच्या शर्यतीत आमची बैलजोडी मधातच वळली अन् पट हारला. एक बैल याचा, एक माहा. पहिले कोणाचा वळला, याच्यावरून बोलणं बंद. तवापासून माह्याबद्दल कोणीबी विचारलं तं हा हेच सांगते!"

"हेच जी, अक्षर न् अक्षर हेच," बायजाबाई डोळे पुसत हसली.

डॉक्टरांनी 'स्मृतिदोष' खोडलं. त्या जागी काय लिहावं, हे त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

परसराम पेढे आणायला पळाला. तो दारात पोचला, तोच गोमाजी छताकडे बघत पण दारापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला,

"मॅडम, त्या माणसाले सांगा, पहिले माहाच बैल वळला होता."