टाकव्याच्या वीराला सलामी

कोंडाजी लढाईत मेला, अशी खबर टाकव्याला आली, त्याच सांजेला झुंबरबाईनं नवऱ्याचं ताट वाढलं, भातावर दही घातलं आणि खबर आलीच नाही असं घरात ठरलं.

ठरलं ते दोन-तीन वर्षं टिकलं. दसऱ्याला कोंडाजीच्या वाटणीचं सोनं बाजूला ठेवलं जाई, संक्रांतीला तिळगूळ. घरातल्या बाकीच्या माणसांपेक्षा त्याचा त्रास कमी होता, एवढंच.

मग हमीद पिंजारी पलटणीतून परत आला. तो आणि कोंडाजी दोघं टाकव्याचेच. जर्मनच्या लढाईला दोघं जोडीनं भरती झालेले, एकाच बोटीतून बसऱ्याला गेलेले. हमीद अंगणात उभा राहिला, पण ओसरीवर चढला नाही.

"वैनी, कोंडाजी गेला. म्या डोळ्यांनी बघितलं. समोरच हुतो."

झुंबरबाईनं कुंकू पुसलं. सोनाराकडून चांदीचा टाक घडवून आणला आणि नवऱ्याला देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी बसवलं. मावळात लढाईत मेलेला माणूस वाया जात नाही. त्याचा वीर होतो. दर धुळवडीला घरातलं पोर बाशिंग बांधतं, टाक खोबऱ्याच्या वाटीत ठेवतं आणि वाजतगाजत नदीवर न्हायला नेतं.

बाप पलटणीत गेला तेव्हा महिपती आईच्या पोटात होता. त्यानं बाप पाहिला तो एवढाच, रुपयाएवढा, नाकाडोळ्यांच्या जागी सोनाराचे ठोके. त्याला तो पुरेसा वाटे. इतरांचे बाप मोठे होते आणि मारायचे.

हमीदनं गावात बिऱ्हाड ठेवलं नाही. लोणावळ्यात राहून तो तुंगार्लीच्या बंगल्यांतल्या गाद्या पिंजून देई. पण धुळवड चुकवत नसे. पायी यायचा, टाकापुढं वाकायचा आणि पाणीसुद्धा न पिता निघायचा. महिपती त्याला वेशीपर्यंत सोडत नसे.

"चाचा, बा कसा मेला?"

"ताठ उभा ऱ्हाऊन."

"गोळी कुटं लागली?"

"छातीत."

"त्या दिशी एकटाच निगालता म्हनं?"

"व्हय. पहाटंच. कुनाला न सांगता."

"आन शेवटाला काय म्हनला?"

"पोराचं तोंड बघायचं ऱ्हायलं म्हनला. जा आता घरी, ऊन लागंल."

महिपती ही गोष्ट गावभर सांगे. अख्खी पलटण झोपलेली आणि त्याचा बाप एकटा तुर्कांवर चालून गेला. हमीदनं तुर्कांचं नाव कधी काढलं नव्हतं. पण वीराच्या गोष्टीला शत्रू लागतोच, तो महिपतीनं पदरचा घातला.

महिपती विशीत आला आणि तालुक्याला एक सरकारी दगड बसला. लढाईत मेलेल्या मुलखातल्या माणसांची नावं त्यावर कोरलेली. कोंडाजी त्यात नव्हता.

"सरकारची चूक," महिपती म्हणाला.

"सरकार शेतसारा इसरत न्हाई," भिमाजी पाटील म्हणाला, "आन मानूस इसरलं व्हय? हैजानं मेला असंल तुझा बाप. हैजाचा वीर होत न्हाई, बाबा. यंदा त्याला मिरवनुकीत आनू नगंस."

झुंबरबाईनं हे ऐकलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"वीर न्हाई, तर म्या कुंकू कशापायी पुसलं?"

तव्यावरची भाकरी करपली.

महिपतीनं तोड काढली. नदीकाठी स्वतः बापाचा दगड उभा करायचा आणि हमीदनं सगळ्या गावादेखत त्याला बंदुकीची सलामी द्यायची. पाटलालाही हे पटलं. पलटणीत राहिलेला माणूस खोट्याला सलामी देणार नाही, असं त्याचं मत होतं. त्यानं आपली ठासणीची बंदूक देऊ केली. ती आजवर फक्त डुकरांवर चालली होती आणि डुकरं अजून होती.

महिपती लोणावळ्याला गेला. हमीद कापूस पिंजत बसला होता, दाढी-भुवया पांढऱ्या झालेल्या. किती कापसानं आणि किती वयानं, ते कळत नव्हतं.

"बंदूक म्या सोडली, पोरा."

"एकडाव धरा."

"दुसऱ्या कुनाच्याबी हातात दे."

"दुसऱ्या कुनी माजा बा मरताना बघितलाय? तुमी न्हाई म्हनलात तर त्यो देव्हाऱ्यातनं उठंल, चाचा. आन आय त्याच्यामागं जाईल. ती जेवंना झालीया."

हमीदनं पिंजायची कमान बाजूला ठेवली. तो बोटांना चिकटलेला कापूस काढत राहिला. निघायचा नाही तोही काढत राहिला.

"येतो," म्हणाला.

धुळवडीला अख्खं टाकवं नदीवर लोटलं. बाशिंग बांधलेला महिपती शेंदूर लावलेल्या दगडाला पाठ लावून उभा राहिला. टाकाची वाटी त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. "दुसरा कोंडाजीच," एक म्हातारी म्हणाली. झुंबरबाई सकाळी चार घास जेवून आली होती.

पाटलानं बंदूक हमीदच्या हातात दिली. ढोल थांबला.

"उचल, हमीद."

हमीदनं बंदूक उचलली. सलामीला नळी आभाळाकडं लागते, हे पाटलाला ठाऊक होतं आणि हमीदलाही असावं. पण ती खांद्याच्या रेषेत आली आणि महिपतीच्या छातीसमोर तिथंच थांबली. महिपतीला वाटलं, म्हाताऱ्याला वजन पेलत नाही. त्यानं हसून मान हलवली, भिऊ नका म्हणून.

नळी खाली गेली. हमीदनं टाचा जुळवल्या, छाती काढली. मग तो बोलला ते पाटलाशी नाही, महिपतीशी नाही. पाटलाच्या जरा उजवीकडं, जिथं कुणीच उभं नव्हतं, तिकडं तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाला,

"साहेब, विनंती हाय. कैदी माज्या गावचा हाय, पोराचं तोंड बघायला पळाला हुता. गोळी घालनाऱ्या तुकडीतून मला वगळण्यात यावं."