पाणी चढत न्हाय

ब्याण्णवच्या उन्हाळ्यात आई-वडील आणि मी टेकडी चढलो, तेव्हा इंदापूरकडचं सगळं शिवार दिसलं. मधून कालवा, त्याच्या खाली हिरवागार ऊस आणि वर आमचा करपलेला माळ. “आपल्याला का न्हाय पाणी?” मी वडिलांना विचारलं. “पाणी वर चढत न्हाय, छकुले.” “आपण तर चढलो की!” उतरून आम्ही कालव्याचं दार बघायला गेलो. पाटकरी चाक फिरवून पाणी सोडत होता. मी शाळेची बाटली बुडवून भरली, तसा तो खेकसला, “ए पोरी, खालच्या उसाचं पाणी हाय ते. ओत माघारी!” “व्हय सायेब,” वडिलांनी हात जोडले. मी बाटली तोंडाला लावली आणि गटागटा रिकामी केली. “घ्या आता माघारी.” वडिलांनी बाटली हिसकावली. आता मार बसणार, वाटलं. वाकून त्यांनी ती काठोकाठ भरली आणि माळाकडं चढू लागले.