न पाहिलेली ओळ

अजून न बनलेली चिप कशी चालेल, ते कॉम्प्युटरवरच दाखवणारा एक खुला प्रोग्राम आहे. कोणीही त्यात भर घालावी, बाकीच्यांनी ती तपासावी. माझ्या धाकटीने महिनाभर खपून त्यात एक नवी सोय केली. आज तपासणाऱ्यांनी ती सोय नाकारून परत पाठवली.

"चाचणी पास झाली होती हो," ती म्हणाली. "पण चाचणीची उत्तरं मी माझ्याच प्रोग्रामकडून काढून घेतली होती. मग तो नापास होणार कसा?"

मी हसलो. "पाठ केलेला धडा बोट फिरवत वाचून दाखवल्यासारखं झालं. न पाहिलेली ओळ समोर आली की दातखीळ बसते."

"अगदी बरोबर, बाबा. तुम्हाला कसं कळलं?"

माझी नजर भिंतीवर गेली. प्रौढ साक्षरता वर्गात सगळ्यांसमोर धडा घडाघडा म्हणून मिळवलेलं माझं प्रमाणपत्र तिनेच फ्रेम करून लावलं होतं.

तिने मोबाईल माझ्या हातात दिला. "मैत्रिणीने धीर द्यायला दोन ओळी लिहिल्यात. वाचा ना मोठ्याने."

"चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे," मी म्हणालो.



चष्मा माझ्या नाकावरच होता.