ग्रहणातली माशी

ऐंशी सालच्या सूर्यग्रहणाचे वेध लागले, तशा सासूबाई जप करत बसल्या. त्यांचा डोळा चुकवून चारुलता सातव्या महिन्याचं पोट सांभाळत नंदनवन वस्तीतल्या घरातून, ती शिकवायची त्या कॉलेजात आली. सकाळपासून बाळ हललं नव्हतं. घरात बसून तोच एक विचार करण्यापेक्षा प्रयोगशाळा परवडली.

शिपाई कवडूने दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"आज काही चिरू नका, बाई. ग्रहणात पोटुशीनं सुरी धरू नाही. लेकराले लागते."

"माश्या उद्यापर्यंत जगायच्या नाहीत, कवडूभाऊ," म्हणत ती आत शिरलीच.

सावनेरकडच्या ओढ्यातून आणलेल्या अळ्यांच्या आता काळ्या माश्या झाल्या होत्या. या अळ्यांच्या आतड्यात एक बुरशी राहते. गरीब बिचारी, भाडेकरूसारखी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अळीची माशी झाली की या भाडेकरूचं काय होतं, एवढंच चारुलताला पाहायचं होतं.

तिने एक मादी चिरली. पोट टच्च भरलेलं. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर आत अंडं एकही नव्हतं. अंड्यांच्या जागी बुरशीचे बीजाणू दाटीवाटीने बसले होते. तिने दुसरी चिरली, मग तिसरी. सगळ्यांत तेच. चारुलताला भीती वाटली, आणि भीती वाटल्याची लाजही वाटली.

बाहेर ऊन फिकं होत होत राखेच्या रंगाचं झालं. पाखरं झाडांवर परतली. या माश्या दिवेलागणीला अंडी घालतात. बरणीत उरलेली शेवटची माशी ओल्या पानावर उतरली आणि जागा चाचपून जपून जपून पांढरे ठिपके ठेवू लागली.

कवडू बरणीशी वाकला. त्याला जरा बरं वाटलं.

"अंडी घालून राहिली, बाई. संध्याकाळ झाली वाटते तिले."

चारुलताने काडीने एक ठिपका उचलून काचेवर ठेवला, पाहिला. बीजाणूच होते. बरणीत माशी मन लावून ठिपक्याशेजारी ठिपका ठेवतच होती.

"तिला काही कळत नाही, कवडूभाऊ," पोटावर हात ठेवून चारुलता म्हणाली. "तिला वाटतं, ही आपलीच."

तेवढ्यात हाताखाली काहीतरी हललं. सकाळपासून ती याचीच वाट पाहत होती.

तिने हात काढून घेतला.