आडवी पळी

पोत्याचं तोंड सोडलं आणि मदतनीस पवनकुमार नाकाला रुमाल लावून प्रयोगशाळेबाहेर पळाला. कारखान्यानं टाकून दिलेलं समुद्री शेवाळ वाटेतच कुजून येलहंक्याच्या या प्रयोगशाळेत पोचलं होतं. सुधींद्र मात्र कोपरापर्यंत हात घालून ते उपसत होता.

"अण्णा, तुम्हाला वास येत नाही?" पवनकुमारनं दारातून विचारलं.

"नाही."

खरंच येत नव्हता. बायको, वासंती, गेल्यापासून त्याला कशाचा वास येत नव्हता, जेवणाला चव लागत नव्हती. रडूसुद्धा आलं नव्हतं.

त्यानं शेवाळ धुतलं, वाळत घातलं, आधीचं वाळलेलं भट्टीत सारलं. हवा लागली तर नुसती राख होते. हवा तोडून भाजलं की काळा कोळसा उरतो आणि त्याच्या बारीक छिद्रांत वीज साठवता येते. हे काम त्याला झोपेतही जमलं असतं. हल्ली तो सगळं झोपेतच करत होता म्हणा.

वासंतीला या वासाचा भारी तिटकारा. रोज संध्याकाळी ती चिकपेटच्या घराच्या दारात पळी आडवी धरून उभी राहायची. "आधी आंघोळ. मग घर." तोही मुद्दाम पळीखालून घुसू पाहायचा आणि एक फटका खायचा. मागे त्यांची छोटी लेक स्वानंदी खिदळायची.

आज स्वानंदीही जाणार होती. सासूबाई, शारदाबाई, तिला देवनहळ्ळीला आपल्या घरी न्यायला आल्या होत्या, कायमचं. सकाळी त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "सुधींद्रराव, पोरीला बाप हवा. तुमची तर भिंत झालीय."

"सरी, न्या," तो म्हणाला होता. भांडावंसं वाटलंच नाही.

संध्याकाळी तो पोचला तेव्हा खाली ऑटो थांबली होती. बॅग उंबऱ्याशी होती. स्वानंदी बूट घालून आजीचं बोट धरून उभी होती.

"बाबांना टाटा कर," शारदाबाई म्हणाल्या.

स्वानंदीनं त्याच्याकडे पाहिलं. नाक मुरडलं. आजीचं बोट सोडून ती बुटांसकट स्वयंपाकघरात पळाली. परतली ती पळी घेऊन. दारात पाय रोवून तिनं ती दोन्ही हातांनी आडवी धरली. पळी त्याच्या गुडघ्यांच्या जरा वर आली.

"आधी आंघोळ," ती म्हणाली. "मग घर."

सुधींद्र उंबऱ्याबाहेरच मटकन बसला. त्यानं हात हळूच नाकाशी नेले. मग त्याचे खांदे गदगदू लागले.

"ऑटो परत पाठवा, आई," तो रडत रडत म्हणाला. "मला वास येतोय."